जावयाच्या गावची गुंडाळी आणि आपल्या अज्जाचा रुमाल

मंडळी नमस्कार. मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी लिहिलं होतं की घराण्याचा शोध घ्यायचा तर आधी जमिनीच्या मागं लागा, नावं आपोआप मागनं येतात. त्या एका वाक्यावर या महिन्यात इतकी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आलेत की विचारू नका, आणि त्यातली निम्मी आपल्या खानापूर-निपाणीची नाहीत, इंग्लंडबद्दलची आहेत. बरोबरच आहे म्हणा, आता गल्लीत एक तरी घर असं असतंच की ज्यांची लेक नाहीतर नातू तिकडं आहे. म्हणून या वेळची जागा याच विषयाला देतेय. मी स्वतः चाळीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, मोडी वाचते, आणि मुलाकडं इंग्लंडला सहा महिने राहिले तेव्हा तिथल्या जिल्ह्याच्या दप्तरखान्यात जाऊन बसायची सवय लागली, त्यामुळं जे हातानं केलंय तेच सांगते.

प्रश्न : माझी मुलगी लग्न होऊन नॉर्विचला असते. जावई तिथलाच, नॉरफोकमधल्या एका खेड्यातल्या शेतकरी घरातला. नात बारा वर्षांची आहे, तिला दोन्हीकडची वंशावळ करायची आहे. आमच्या बाजूच्या पाच पिढ्या मी सांगितल्या. जावयांच्या बाजूचं गाडं 1760 च्या आसपास येऊन अडकलंय, चर्चच्या रजिस्टरात एकाच नावाची तीन माणसं आहेत आणि त्यातलं आपलं कुठलं ते कळत नाही. कुणीतरी सांगितलं की मॅनोरियल रेकॉर्ड बघा. हे काय असतं? आणि इथं बेळगावात बसून मला काही मदत करता येईल का? (एक आज्जी, टिळकवाडी)

आधी नातीला माझ्याकडनं शाबासकी सांगा, या वयात हा नाद लागला तर जन्मभर पुरतो.

आता बघा, तिकडं साध्या माणसाचं नाव कागदावर येण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी नोंद इंग्लंडात 1 जुलै 1837 पासून, घरातल्या सगळ्यांची नावं असलेली जनगणना 1841 पासून, आणि त्याच्या आधी चर्चची रजिस्टरं, जी 1538 मध्ये हुकूम काढून सुरू केली पण सगळ्या गावची तिथपर्यंत टिकली नाहीत. चर्चच्या नोंदीत असतं काय, तर अमक्याचा मुलगा तमका, बाप्तिस्मा झाला, तारीख, संपलं. तीन चुलतभावांनी आपापल्या पोराचं नाव अज्जाच्या नावावरनं जॉन ठेवलं की तुम्ही अडकला. इथं मॅनॉरचे कागद कामाला येतात, कारण तिथं माणूस एकटा येत नाही, त्याच्या जमिनीसकट येतो, आणि तीन जॉन असले तरी ओढ्याकाठची ती चार एकर एकाच जॉनची असते.

मॅनॉर म्हणजे एका लॉर्डची इस्टेट. लॉर्ड म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं मोठा सरदार येतो पण तसं काही नाही, ते एखादं कॉलेज असेल, बिशप असेल, पैसेवाला वकील असेल, नाहीतर एखादी विधवा बाईसुद्धा. त्या इस्टेटीचं स्वतःचं कोर्ट भरायचं. एक कोर्ट बॅरन, त्यात जमिनीचे व्यवहार, आणि दुसरं कोर्ट लीट, त्यात गावची बारीकसारीक प्रकरणं, म्हणजे कुणी गटार साफ केलं नाही, कुणाची डुकरं मोकाट सुटली, कुणी बिअर मापात दिली नाही, आणि पुढच्या वर्षी गावचा कॉन्स्टेबल कोण. कोर्ट चालवायचा लॉर्डचा कारभारी, त्याला स्टुअर्ड म्हणत, आणि तो सगळं चामड्याच्या पट्ट्यांवर लिहून घ्यायचा. त्या पट्ट्या एकत्र शिवून गुंडाळून ठेवायच्या, म्हणून नाव कोर्ट रोल. पुढं पुढं बांधीव वह्या आल्या. सगळ्यात जुने रोल तेराव्या शतकातले आहेत, यॉर्कशायरच्या वेकफिल्ड मॅनॉरचे तर 1274 पासून 1925 पर्यंतचे आहेत.

तुमच्या कामाचा शब्द आहे कॉपीहोल्ड. कुळाला जमीन दुसऱ्याला द्यायची असली की ते कोर्टात यायचं, काठी हातात धरून जमीन लॉर्डला परत केली असं म्हणायचं, आणि मग स्टुअर्ड तीच काठी पुढच्या माणसाच्या हातात द्यायचा, झाली जमीन त्याची. हे रोलमध्ये लिहायचं आणि त्याची नक्कल कुळाला द्यायची. ती नक्कल म्हणजेच त्याचा जमिनीचा पुरावा, म्हणून कॉपीहोल्ड. आणि कुळ मेलं की पुढच्या कोर्टात तीच गोष्ट पुढं यायची, अमका मेला, इतकी इतकी जमीन धरून होता, त्याचा वारस कोण ते येऊन सांगा. वारस यायचा, नजराणा भरायचा (ते त्याला फाइन म्हणतात पण तो दंड नव्हे, आपल्याकडच्या नजराण्यासारखाच), आणि बऱ्याच ठिकाणी वर हेरिअट म्हणून घरातलं सगळ्यात चांगलं जनावर लॉर्डला जायचं. घरात माणूस गेलाय आणि गोठ्यातली चांगली गाय पण चालली, ती नोंद वाचताना मला आजही कसंतरी होतं. पण त्याच नोंदीत वारसाचं नाव, नातं आणि बऱ्याचदा वय असतं. वारस लहान असला तर पालक कोण नेमला ते येतं, आणि पालक म्हणून आई असेल आणि तिनं दुसरं लग्न केलं असेल तर तिचं नवं आडनाव पण मिळतं, जे चर्चच्या रजिस्टरात शोधत बसला तर वर्ष जाईल. विधवेला नवऱ्याच्या जमिनीवर हक्क असायचा, त्याला फ्री बेंच म्हणत, बऱ्याच मॅनॉरमध्ये तिनं पुन्हा लग्न करेपर्यंत, त्यामुळं बायकाही या कागदात ठळक दिसतात. मध्ययुगातल्या रोलमध्ये तर बिअर गाळून विकणाऱ्या बायकांची नावं दर कोर्टाला येतात, कारण त्यांच्याकडनं दंड घ्यायचा असायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगते. अठराव्या शतकातल्या नोंदीत नुसतं वारसाचं नाव नसतं, ही जमीन मयताला कुठल्या तारखेच्या कोर्टात आणि कुणाकडनं मिळाली होती ते पण लिहिलेलं असतं. म्हणजे आपल्या उताऱ्यावर फेरफाराचा नंबर असतो की नाही, तो धरून आपण मागच्या फेरफाराला जातो, त्यातनं अजून मागं, अगदी तसंच. 1788 ची नोंद 1761 कडं बोट दाखवते, ती 1734 कडं. मी एका दिवसात अशा चार पायऱ्या उतरले होते. दप्तरखान्यात पेन आत नेऊ देत नाहीत, फक्त पेन्सिल, रोल ठेवायला फोमच्या उश्या देतात आणि तो परत गुंडाळला जाऊ नये म्हणून कापडात शिवलेली सापासारखी वजनं वर ठेवायची. चामडं इतकं ताठ असतं की एका हातानं उलगडलेलं दुसऱ्या हाताकडं पळत येतं. पहिल्या दिवशी मी ओळन् ओळ वाचायला बसले आणि दुपारपर्यंत एक पट्टी पण झाली नाही, मग तिथल्या बाईंनी हळूच येऊन सांगितलं, मजकूर नका वाचू, डावीकडचा मार्जिन वाचा. स्टुअर्डनं स्वतःच्या हिशेबासाठी मार्जिनमध्ये हेरिअट, फाइन, दंड असं आकड्यासकट लिहिलेलं असतं कारण त्याला शेवटी पैशाची बेरीज करायची असते. मार्जिनमध्ये फाइन दिसलं की तिथं थांबायचं, बाकी सरळ पुढं. त्यानंतर संध्याकाळपर्यंत माझ्या तीस वर्षांच्या नोंदी बघून झाल्या. जावयांना हे नक्की सांगा.

तुम्ही इथनं काय करायचं ते आता. जावयांच्या माणसाचं गाव माहीत आहे, पण गाव आणि मॅनॉर एकच नसतात, नॉरफोकला तर एका गावात तीन-चार मॅनॉर हे अगदी सर्रास, आणि एखादा मॅनॉर शेजारच्या दोन-तीन गावांत पसरलेला. लंडनमध्ये क्यू इथं नॅशनल अर्काइव्ह्ज म्हणजे सरकारी दप्तरखाना आहे, त्यांच्या वेबसाइटवर मॅनोरियल डॉक्युमेंट्स रजिस्टर फुकटात बघता येतं. त्यात गावाचं नाव घाला, मॅनॉरची नावं येतील, आणि प्रत्येकाचे कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंतचे कागद कुठल्या दप्तरखान्यात आहेत ते येईल. प्रत्यक्ष कागद तिथं दिसत नाहीत, फक्त ठिकाण कळतं, हे लक्षात ठेवा, नाहीतर निराश व्हाल. एवढी यादी तुम्ही टिळकवाडीत बसून एका दुपारी करू शकता. जुने कागद इकडंतिकडं जाऊ नयेत म्हणून 1924 च्या कायद्यानं त्यांना संरक्षण मिळालं, ते परवानगीशिवाय इंग्लंड-वेल्सबाहेर नेता येत नाहीत, त्यामुळं जागेचा पत्ता सहसा पक्का असतो. नॉरफोकच्या पुष्कळ मॅनॉरची दप्तरं नॉर्विचच्याच नॉरफोक रेकॉर्ड ऑफिसात आहेत, म्हणजे तुमच्या लेकीच्या गावातच की. सोबत व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी नावाची जिल्हावार ग्रंथमाला आहे, तिच्यात बऱ्याच भागांतल्या गावांचा मॅनॉर कुणाकडनं कुणाकडं गेला ते असतं, पण सगळे जिल्हे तिच्यात पूर्ण झालेले नाहीत.

भाषेचं घाबरू नका. 1733 पर्यंत हे सगळं लॅटिनमध्ये, मध्ये क्रॉमवेलच्या काळातली, म्हणजे 1650 च्या दशकातली, थोडी वर्षं इंग्रजी. तुमचं काम 1760 पासून मागं जायचं असल्यामुळं पहिली पंचवीस-तीस वर्षं इंग्रजीतच आहेत आणि तेवढ्यात साच्याची सवय होते, कारण लॅटिन नोंदीचा साचा तोच असतो. फिलियस म्हणजे मुलगा, फिलिया मुलगी, उक्सोर बायको, विदुआ विधवा, हेरेस वारस, ओबीट म्हणजे मेला. एवढ्या सहा शब्दांवर निम्मं काम होतं, उरलेलं अक्षर ओळखण्याचं, आणि मोडी वाचलेल्या माणसाला ते नवीन नाही.

तारखेला मात्र सांभाळा. 1752 च्या आधी इंग्लंडात वर्ष 25 मार्चला बदलायचं. म्हणजे कागदावर फेब्रुवारी 1720 असेल तर तो आपल्या हिशेबानं फेब्रुवारी 1721. नातीनं हे धरलं नाही तर पोरगं आईबापाच्या लग्नाच्या आधी जन्मलेलं दिसेल आणि ती उगाच घाबरेल. शिवाय कोर्टाची तारीख राजाच्या वर्षात असते, जॉर्ज दुसऱ्याच्या राज्याचं पाचवं वर्ष म्हणजे जून 1731 ते जून 1732.

आणि एक, सगळ्यांची नावं यात सापडत नाहीत. जो कॉपीहोल्ड जमीन धरून होता किंवा कोर्टाला हजर राहायला बांधलेला होता तो येतो, रोजगारी माणूस आणि कुळाचं पोटकूळ बहुतेक येत नाही. जावयांचे पूर्वज शेतकरी होते म्हणताय म्हणून मला आशा आहे, पण शेत स्वतःच्या नावावर होतं की दुसऱ्याच्या नावावरचं कसत होते ते आधी बघा. मृत्युपत्र मिळतंय का ते पण बघा, कॉपीहोल्ड जमीन मृत्युपत्रानं द्यायची असली तर आधी कोर्टात तशी नोंद करावी लागायची, त्यामुळं दोन्हीकडचे धागे जुळतात.

प्रश्न : इंग्लंडमधला मॅनॉर म्हणजे आपल्याकडची देसगत किंवा पाटील-कुलकर्ण्यांचं वतन असं म्हणता येईल का? मी एम.ए. करतोय, सरांनी असं सांगितलं. (विद्यार्थी, निपाणी)

समजायला सोपं जावं म्हणून सरांनी सांगितलं असेल, पण पेपरात तसं लिहू नकोस. वतन म्हणजे गावकामाच्या बदल्यात मिळालेला वंशपरंपरेचा हक्क, पाटलानं वसूल करायचा, कुलकर्ण्यानं लिहायचं, आणि वर सरकार. मॅनॉरमध्ये लॉर्ड स्वतःच जमिनीचा धनी, आणि कुळाचा हक्क ठरायचा त्या मॅनॉरच्या रूढीनं. ही रूढी फार मोठी गोष्ट आहे बाळा. एका मॅनॉरात थोरल्याला जमीन, शेजारच्यात धाकट्याला (त्याला बरो इंग्लिश म्हणतात), केंटमध्ये सगळ्या भावांत सारखी वाटणी, आणि लॉर्डला वाटलं म्हणून ती मोडता यायची नाही. डेव्हन, कॉर्नवॉल, सॉमरसेट त्या भागात तर तीन आयुष्यांचा करार असायचा, म्हणजे करारात तीन माणसांची नावं लिहायची आणि तिघांतलं शेवटचं जिवंत आहे तोवर जमीन तुमची, त्यामुळं बाप स्वतःचं, बायकोचं आणि एखाद्या लहान पोराचं नाव घालायचा. आपल्याला बसल्या जागी एक कुटुंब मिळतं.

सारखेपणा आहे तो कागद का तयार झाला यात. तिकडं पण कुणी पुढच्या पिढ्यांसाठी आठवण म्हणून लिहीत नव्हतं, लॉर्डला पैसे यायचे होते म्हणून लिहिलं. आपल्याकडं हक्क, इनाम, मानपान सिद्ध करायचा म्हणून वंशावळ लिहिली. सरांशी यावर बोल, त्यांना आवडेल. आणि नॉटिंगहॅमशायरमधल्या लॅक्स्टन गावाबद्दल वाच, तिथं जुन्या पद्धतीची मोकळी सामाईक शेतं अजून कसतात आणि कोर्ट लीट अजून भरतं.

प्रश्न : माझ्या वडिलांकडच्या वाड्यात माडीवर एका ट्रंकेत मोडी कागद आहेत, लाल कापडात बांधलेले. अज्जा म्हणायचे त्यात आपल्या घरची वंशावळ आहे. आम्ही खानापूर तालुक्यातले, कुलकर्णी. इंग्रज लोक इतकं शोधतात तर आम्ही कुठनं सुरुवात करायची? (गृहिणी, सध्या हुबळी)

ताई, तुमचं पत्र वाचून खरं सांगते दोन दिवस तोच रुमाल डोळ्यापुढं होता. पहिलं काम, कुठल्याही परिस्थितीत लॅमिनेट करू नका आणि सेलोटेप लावू नका. माझ्या चुलतभावानं मोठ्या मायेनं आमच्या घरचा एक मोडी कागद झेरॉक्सच्या दुकानातनं लॅमिनेट करून आणला, दोन पावसाळ्यांत आत ओल धरली, शाई पसरली आणि आता तो ना मोकळा होतो ना वाचता येतो, आणि त्यात माझ्या पणजीच्या नावे दिलेल्या चोळी-बांगडीच्या जमिनीचा उल्लेख होता म्हणतात. म्हणतात एवढंच आता उरलंय. तुम्ही कोरड्या दिवशी, जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर पसरून, एकेक कागद फक्त उलगडून दोन्ही बाजूंचा फोटो घ्या. पाठीमागच्या बाजूला शेरा असतो, तो लोक हमखास विसरतात. कागद ज्या क्रमानं बांधले आहेत त्या क्रमानंच परत बांधा, कारण अज्जांच्या अज्जांनी ज्या कारणासाठी ते एकत्र ठेवले ते त्या क्रमातच आहे.

वंशावळ असण्याची शक्यता चांगली आहे. इंग्रजांनी इनामांची चौकशी आपल्या दक्षिण मराठा मुलखात लवकरच सुरू केली आणि 1852 च्या कायद्यानं इनाम कमिशन बसलं, तेव्हा इनामदार-वतनदारांना कैफियत द्यावी लागली की हे वतन आम्हाला कुणी दिलं आणि मूळ पुरुषापासून आमच्यापर्यंत कोण कोण. ती कैफियतीची नक्कल घरी ठेवलेली सापडते. मूळ चौकशीचे कागद आणि पेशवे दप्तर पुण्याच्या पुरालेखागारात आहेत. पुढं 1874 च्या वतन कायद्याखाली वतनदार मेला की वारसाची नोंद व्हायची. कुलकर्णी वतन 1950 च्या मुंबईच्या कायद्यानं गेलं, तेव्हा खानापूर मुंबई राज्यातच होतं, 1 नोव्हेंबर 1956 ला ते म्हैसूर राज्यात गेलं. हे साल डोक्यात ठेवलं की कुठला कागद कुठल्या भाषेत आणि कुठल्या कचेरीत ते कळतं. जे लोक बेळगावच्या शहापूरचे आहेत त्यांनी एक लक्षात ठेवावं की शहापूर सांगली संस्थानात होतं, मधे एक रस्ता ओलांडला की राज्य बदलायचं, त्यामुळं त्यांचे जुने कागद इंग्रजी जिल्ह्याच्या दप्तरात शोधले तर मिळणार नाहीत.

तारखेला इथं पण सांभाळा. मोडी कागदावर सबा मयातैन व अलफ असं काही दिसलं तर ते मंत्र नव्हेत, सुहूर सनाचे आकडे आहेत, सात, दोनशे आणि हजार म्हणजे 1207, त्यात 599 मिळवा, आलं 1806-07.

आणि गावात हेळवी येतात का अजून? सुगी झाली की येणारे, चोपडी उघडून तुमच्या घराण्याची नावं घडाघडा वाचून दाखवणारे, आणि पायलीभर धान्य घेऊन जाणारे. माझ्या लहानपणी हेळवी आला की आज्जी आम्हाला सगळ्यांना ओसरीवर ओळीनं बसवायची आणि नवीन जन्मलेल्यांची नावं घालायला सांगायची. तुमच्या घराण्याचा हेळवी कुठल्या गावचा ते भाऊबंदांतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. त्यांच्याकडची वही आणि तुमच्याकडची कैफियत शेजारी ठेवा, दोन्हीकडं येणारं नाव पक्कं, एकीकडंच येणारं पेन्सिलनं लिहा.

उतारा काढायला जाल तेव्हा नुसती आजची पहाणी (म्हणजे आपल्याकडचा सातबारा) घेऊ नका, जुने हस्तलिखित उतारे, आणि टिप्पण, आकारबंद हे मोजणीचे जुने कागद पण विचारा. फोडी झाली असेल तर कुठल्या भावाला कुठला तुकडा गेला ते त्यातनं कळतं, आणि भावांची नावं तिथंच.

प्रश्न : मी कॅम्पात राहतो. इंग्लंडहून एक वयस्कर गृहस्थ आले होते, त्यांचे कुणी पूर्वज इथल्या पलटणीत होते आणि इथंच वारले म्हणे. आम्ही स्मशानभूमीत दोन दिवस फिरलो, दगड सापडला नाही. त्यांना अजून काय सांगता येईल? (वाचक, बेळगाव कॅम्प)

तुम्ही परक्या माणसाबरोबर दोन दिवस उन्हात फिरलात हेच मोठं आहे. दगड नसला तरी नोंद असू शकते. इथल्या चर्चमध्ये झालेल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदींची प्रत लंडनला जायची, ती आता ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहे, मुंबई इलाख्याची मालिका एन-तीन या खुणेखाली. पुष्कळशा फाइंडमायपास्ट या वेबसाइटवर बघता येतात. ते राणीच्या (कंपनीच्या नव्हे) पलटणीतले शिपाई असतील आणि पेन्शनीवर सुटलेले असतील तर क्यूच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये डब्ल्यूओ-97 या खुणेच्या सुटकेच्या कागदांत बघावं, त्यात जन्माचं गाव लिहिलेलं असतं. इथंच वारले असतील तर त्यांचा सुटकेचा कागद सहसा तिथं नसतो, पण त्याच पलटणीत भाऊ असेल तर त्याचा मिळून जातो, भाऊभाऊ एकत्र भरती व्हायचे. गाव मिळालं की वर टिळकवाडीच्या आज्जींना सांगितलं ते सगळं त्यांना कळवा.

प्रश्न : अशा जुन्या नोंदीत पूर्वजाचं नाव सापडलं तर इंग्लंडातल्या जमिनीवर हक्क सांगता येतो का? माझा मित्र म्हणतोय येतो. (वाचक, चिकोडी)

नाही येत. कॉपीहोल्ड 1 जानेवारी 1926 पासून कायद्यानं संपलं, त्या जमिनी त्याच दिवशी साध्या मालकीच्या झाल्या आणि नंतर कितीदा विकल्या गेल्या असतील. मित्र पैसे मागत असेल तर देऊ नका.

पण तुमच्या प्रश्नात एक गोष्ट आहे ती मला नेहमी भेटते. मी माझ्या सासरच्या गावी जुने कागद बघायला गेले तेव्हा थोरले दीर तासभर काहीच बोलले नाहीत, चहा झाला, पाणी झालं, आणि शेवटी म्हणाले, वहिनी, वाटणी तर सत्तर सालीच झाली आता काय राहिलंय. त्यांना वाटलं मी हिश्श्यासाठी आलेय. मी वही उघडून दाखवली, त्यात सासऱ्यांच्या अज्जांच्या नावापुढं प्रश्नचिन्ह होतं. ते बघून दीर उठले, देवघराच्या मागच्या कोनाड्यातनं बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला आणि म्हणाले, हे नाव तुम्ही चुकीचं लिहिलंय, ते रामचंद्र नव्हेत, राघो. डब्यात 1890 च्या सुमाराची जमीन महसुलाची पावती होती, राघो म्हणून.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना तालुका, घराण्याचं मूळ गाव, आणि कागद असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो पाठवा. आडनाव नाही दिलं तरी चालेल.